गळाला लागलेल्या जिवाचें ऋण

सायखेड्यास गोदावरीच्या कांठीं हौसेनें गळ टाकून बसणारा मनुष्य नकळत एका जुन्या परंपरेंत बसलेला असतो. शेजारच्या सिन्नरास उदय पावलेले यादव ज्यांचे मांडलिक होते, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'त 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरणच आहे. माशांच्या जाती, आमिष, दोर, गळ यांचा त्यांत बारकाईनें विचार केला आहे. विनोद म्हणजे येथें करमणूक. ती अर्थात् राजाची, माशाची नव्हे.

हिंदुस्थानांत प्राण्यांच्या छळाविरुद्ध १८९० सालीं झालेल्या कायद्यानें पाळलेला अथवा पकडलेला जीव तेवढा 'प्राणी' मानला. १९६० च्या कायद्यानें मनुष्येतर सर्व जीव त्यांत घेतले, आणि अन्नासाठीं वध करितांनाही अनावश्यक यातना देणें गुन्हा ठरविलें. २००३ सालीं ट्राउट माशाच्या डोक्यांत इजा जाणणारे मज्जातंतू आढळले. तेव्हां 'माशाला काय कळतें?' ही पळवाटही अरुंद झाली.

तरीही धरलेला मासा टोपलींत तडफडत ठेवण्याची रीत दिसते. मरळ मासा तर हवेंतही श्वास घेतो. त्याचें मरण फारच लांबतें. उपाय सोपा आहे. मासा ओल्या फडक्यांत घट्ट धरून डोळ्यांच्या किंचित् मागें, माथ्यावर, आंखूड जड दांडक्याचा जोरदार तडाखा द्यावा. कल्ल्यांची हालचाल थांबतांच ते कापून रक्त जाऊं द्यावें. मांसही त्यानें चांगलें राहतें.

ज्याच्यानें हा तडाखा देववत नाहीं, त्यानें खाण्यासाठीं गळ टाकूं नये, असें आम्हांस वाटतें.