गॅस डिटेक्टर

हवेतील विषारी व ज्वलनशील वायूंचे प्रमाण आणि ऑक्सिजनची पातळी मोजून धोक्याची सूचना देणारे उपकरण. खाणी, तेलशुद्धीकरण कारखाने, टाक्या आणि गटारे येथे ते वापरतात.

इतिहास : या उपकरणाची गरज प्रथम भासली ती कोळसा खाणींत. हम्फ्री डेव्ही यांनी 1815 मध्ये जाळीबंद सुरक्षादीप तयार केला. जॉर्ज स्टीफनसन यांनीही त्याच वर्षी असा दिवा बनवल्याने श्रेयाबद्दल वाद झाला. मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी चढे, ऑक्सिजन घटला की ज्योत विझे. टोपीच्या उंचीवरून जाणते खाणकामगार मिथेनचे प्रमाण ओळखत. कार्बन मोनॉक्साइड मात्र या दिव्याला कळत नसे. त्यासाठी जे. एस. हॉल्डेन यांच्या सूचनेवरून कॅनरी पक्षी खाणीत नेऊ लागले. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणण्याचा निर्णय ब्रिटनमध्ये 1986 मध्ये झाला.

कार्य : ज्वलनशील वायूंसाठी उत्प्रेरकी किंवा अवरक्त संवेदक, विषारी वायूंसाठी बहुधा विद्युत्‌रासायनिक संवेदक. खिशाला अडकवायचा प्रचलित डिटेक्टर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड अशा चार गोष्टी तपासतो. हवेत साधारण 20.9 टक्के ऑक्सिजन असतो, तो 19.5 टक्क्यांखाली गेला की सामान्यतः इशारा वाजतो.

मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असल्यास स्फोट होऊ शकतो. तो हलका असल्याने छताकडे साचतो, तर हायड्रोजन सल्फाइड तळाशी. म्हणून माणूस आत उतरण्यापूर्वी नळी सोडून वर, मध्ये आणि खाली हवा तपासतात. वासावर विसंबणे घातक आहे: हायड्रोजन सल्फाइड दशलक्ष भागांत सुमारे 100 भाग झाला की घ्राणेंद्रियच बधिर होते.

मर्यादा : उत्प्रेरकी संवेदकाला ऑक्सिजन लागतो आणि सिलिकोनच्या वाफांनी तो निकामी होतो. अवरक्त संवेदकाला हायड्रोजन कळत नाही. त्यामुळे वापरापूर्वी ज्ञात वायू सोडून केलेली ‘बंप टेस्ट’ आणि ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशन आवश्यक असते.

भारत : 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 36 नुसार धोकादायक वायूची शक्यता असलेल्या बंदिस्त जागेत जाण्यापूर्वी सक्षम व्यक्तीने चाचणी करून दिलेला लेखी दाखला लागे; एरवी श्वसन उपकरण आणि दोर बांधलेला पट्टा अनिवार्य होता. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा 2013 मध्ये झाला, तरी गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत गुदमरून कामगारांचे मृत्यू होतच आहेत. तपासणीशिवाय कोणालाही आत उतरवू नये.