टाकी आणि रंधा

सिंगापूरला येणारे पाहुणे दोन दिवस मॉल आणि काचेच्या इमारती बघतात आणि तिसऱ्या दिवशी विचारतात, "अजून काय आहे बघण्यासारखं?" अशांना मी पुलाउ उबीनला नेतो. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी बमबोट सुटते. वेळापत्रक वगैरे भानगड नाही. बारा माणसं जमली की निघायचं, हा आपल्या वडापचा नियम इथेही चालतो. दहा-पंधरा मिनिटांत बेट येतं. भाड्याच्या सायकली, पत्र्याची घरं, शहाळी, आणि थोडं आत गेलं की हिरव्या पाण्याची प्रचंड मोठी तळी. ही तळी म्हणजे ग्रॅनाइटच्या जुन्या खाणी. शेवटची खाण १९९९ साली बंद झाली. आता तिथे बगळे असतात.

बेटाच्या नावातच दगड आहे. मलय भाषेत 'जुबिन' म्हणजे फरशी, आणि जुनं नाव 'पुलाउ बातू जुबिन', म्हणजे फरशीच्या दगडाचं बेट. सामुद्रधुनीच्या पूर्वेच्या तोंडाशी, पेद्रा ब्रांका खडकावर १८५०-५१ साली हॉर्सबर्ग दीपगृह उभं राहिलं ते उबीनच्या दगडानं. त्याचे कर्तेधर्ते सरकारी सर्व्हेअर जॉन टर्नबुल थॉमसन, आणि दगड घडवणारे चिनी पाथरवट. पुढे १८५४-५५ चं रॅफल्स दीपगृह इथल्याच दगडाचं. सिंगापूर आणि जोहोर जोडणारा, १९२४ साली रीतसर खुला झालेला कॉजवे भरायलाही उबीनचा दगड गेला.

यातल्या रॅफल्स दीपगृहाच्या कामावर हिंदुस्थानी कैदी होते. १८२५ ते १८७३ एवढा काळ सिंगापूर म्हणजे आपल्याकडचं काळं पाणीच. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तिन्ही इलाख्यांतले जन्मठेपेचे कैदी इथे पाठवत. इथलं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल बांधलं त्यांनीच. उबीनच्या खाणीत दगड काढायलाही हे कैदी होते. शिक्षा म्हणून दगड फोडायचा. हे जरा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इंजिनिअरच्या नजरेनं बघा. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं आणि ते पोलादाच्या छिन्नीला खाऊन टाकतं. म्हणजे अशा खाणीत दगड फोडणं हे अर्धंच काम; उरलेलं अर्धं काम बोथटलेल्या छिन्न्यांना परत धार आणायचं. दीपगृहावर इंजिनिअरचं नाव राहतं. भात्यापाशी बसून दिवसभर छिन्न्या शेवटणाऱ्याचं नाव कुठे राहत नाही. तरीसुद्धा हत्याराची धार जाते हे निदान सगळ्यांना माहीत असतं. ज्याच्यावर ठेवून कापायचं किंवा दळायचं, तो खालचा पृष्ठभागही झिजतो, आणि त्यालाही कोणीतरी पुन्हा कामाला लावावं लागतं. आज त्या खालच्याबद्दल लिहायचं आहे.

खाटकाच्या दुकानातला ओंडका सगळ्यांनी पाहिलेला आहे. इथल्या चिकन राइसच्या गाड्यांवरही तसाच जाडजूड गोल ओंडका असायचा. तो खोड आडवं कापून काढलेला असतो, फळीसारखा उभा चिरलेला नसतो. कारण साधं आहे. अशा ओंडक्यात लाकडाचे तंतू उभे असतात, खराट्याच्या काड्या घट्ट बांधून उभ्या कराव्यात तसे. सुरी त्यांच्या मधे शिरते आणि बाहेर आली की काड्या पुन्हा मिटतात. सुरीची धार टिकते, लाकूडही टिकतं. फळीवर कापलं तर तंतूच तुटतात आणि ढलपे निघतात.

हीच युक्ती चपला-बुटांच्या कारखान्यांत शंभर-दीडशे वर्षं चालली. पूर्वी चामडं कापणारा कारागीर लाकडी पाटावर हातातल्या सुरीनं वरचे भाग कापायचा. सुरीच्या टिकटिक आवाजावरून इंग्रजीत त्याला 'क्लिकर' म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या जागी प्रेस आला. चामडं ओंडक्यावर पसरायचं, त्यावर पोलादी पट्टीचा साचा (डाय) ठेवायचा, वरून प्रेसचा हात आपटायचा, की तुकडा तयार. यंत्राचं नाव मात्र क्लिकिंग प्रेसच राहिलं. ओंडका आता मोठा चौकोनी झाला होता, मेपलचे तुकडे दोऱ्या उभ्या ठेवून एकत्र चिकटवलेला आणि घट्ट आवळलेला.

आता गंमत बघा. डाय दर वेळी चामड्याच्या आरपार जाऊन लाकडात किंचित घुसते. कामगार माणूसच, त्याचा हात सारखा मधोमध जातो. काही आठवड्यांत ओंडक्याच्या मधे खळगा पडतो. खळग्यावर डाय पूर्ण टेकत नाही, चामड्याचा एखादा कोपरा तुटायचा राहतो. मग कामगार प्रेसचा ठोका थोडा खाली आणतो. त्यामुळे कडेच्या उंच भागात डाय जास्त खोल रुतते, तिची धार वाकते, आणि ओंडका आणखी लवकर खराब होतो. ओंडका फिरवून घ्या, उलटा करा, थोडे दिवस निघतात. शेवटी रंधा मारावाच लागतो.

इथे खरी अडचण सुरू होते. ओंडका जड, दोन माणसांनी उचलून सुतारकामाच्या खात्यात न्यायचा, तोवर प्रेस बंद. उभ्या दोऱ्यांच्या तोंडावर रंधा मारणं काय असतं ते कुठल्याही सुताराला विचारा. आणि एवढं करून तो सपाट झाला तरी पुरत नाही. त्याचा वरचा पृष्ठभाग प्रेसच्या हाताला समांतर हवा. सुताराच्या बाकावर सपाट झालेला ओंडका प्रेसवर बसवला की एका बाजूला केसभर वर राहतो, आणि एवढ्यानं पुन्हा कोपरे तुटत नाहीत.

म्हणून प्रेसवरच बसणारी रंध्याची अटॅचमेंट करण्यात आली. दोन रूळ, त्यांवर सरकणारी गाडी, तिच्यात फिरतं कटर. ओंडका जागचा हलवायचा नाही. पातळ पातळ थर काढत गाडी इकडून तिकडे न्यायची. दिसायला मामुली वस्तू, पण डोकं जबरदस्त आहे, कारण समांतरपणा आता यंत्र स्वतःच्याच मापानं ठरवतं. लेथवर काम केलेल्यांना हे लगेच कळेल : चकचे मऊ जबडे तिथल्या तिथे, त्याच लेथवर टर्न करून घेतात, त्यातलाच हा प्रकार. ओंडका पातळ होत गेला की खाली पाचर-फळी घालून उंची भरून काढायची.

बुटांच्या यंत्रांचा बराचसा धंदा अमेरिकेत एकाच कंपनीच्या हाती होता. १८९९ साली स्थापन झालेली युनायटेड शू मशिनरी. (मॅसॅच्युसेट्समधल्या बेव्हर्लीचा त्यांचा कारखाना सळईच्या काँक्रीटच्या सुरुवातीच्या मोठ्या इमारतींपैकी एक आहे. सिव्हिलवाल्यांनी जरूर वाचावं.) ही कंपनी महत्त्वाची यंत्रं विकतच नसे, भाड्यानं देई. देखभाल त्या भाड्यातच. दुरुस्तीचे वेगळे पैसे नाहीत, कंपनीचा माणूस येणार आणि यंत्र चालू करून जाणार. बूट कारखानदार खूष. पण १९५३ साली न्यायाधीश वायझान्स्की यांनी मक्तेदारीच्या खटल्यात निकाल दिला तेव्हा नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं. दुरुस्ती 'फुकट' असल्यामुळे स्वतंत्र दुरुस्ती करणारे उभेच राहू शकले नाहीत, आणि त्यामुळे नवीन यंत्र बनवणाऱ्यालाही शिरकाव मिळेना. दुरुस्तीचा आकार वेगळा लावा, भाडेकराराची मुदत कमी करा, असं कोर्टानं सांगितलं. थोडक्यात, झिजलेलं परत कामाला लावण्याचं ज्ञान ज्याच्या हातात, धंद्याच्या नाड्याही त्याच्याच हातात, हे अमेरिकेच्या कोर्टानं मान्य केलं.

आता आपल्याकडे येऊ. अगदी हेच ज्ञान ज्यांच्या हातात होतं त्यांचं काय झालं?

आपल्याकडे झिजणारा पृष्ठभाग म्हणजे जातं आणि पाटा-वरवंटा. दगड आपल्या सह्याद्रीचा काळा, बसाल्ट. रोजच्या दळणानं तो गुळगुळीत होतो. मग दाणा फुटायच्या ऐवजी घसरतो, जातं जड लागतं, पीठ गरम होतं. अशा वेळी दारात हाक यायची, टाकी लावायची का टाकी? टाकी म्हणजे टोकदार छिन्नी. वरचा दगड उतरवायचा आणि दोन्ही दगडांवर बारीक बारीक टोचे मारत जायचं. ऐकायला सोपं आहे. टोचा खोल गेला तर पीठ जाड येतं, उथळ राहिला तर महिन्याभरात पुन्हा तेच. मधे, जिथे दाणा पडतो, तिथे थोडं खोल, कडेला बारीक, म्हणजे दाणा आधी भरडला जातो आणि बाहेर पडेपर्यंत पीठ होतं. शिवाय जातं सुताराकडे... आपलं, पाथरवटाकडे न्यायला नको. ओसरीवर, जागच्या जागी, त्याच खालच्या दगडावर वरचा दगड फिरवून बघत काम व्हायचं. प्रेसवरच्या त्या अटॅचमेंटचं तत्त्वच, फक्त मोटारीऐवजी हातोडी. मोबदला पसाभर धान्य नाहीतर चार पैसे.

हे काम करणारे ते टकारी. विदर्भात टाकणकार. नावच 'टाकणे' या क्रियेवरून आलं. पाथरुट, गिरणी वडार ही नावंही त्याच कामाच्या आसपासची. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' असं आपण येताजाता म्हणतो, आणि डोळ्यांपुढे मूर्तिकार आणतो. मूर्तीला टाकी आयुष्यात एकदा लागते. जात्याला वर्षातून कितीदा तरी.

पण गावोगाव फिरून घराच्या आत येणारा माणूस इंग्रजी राज्याला बघवेना. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही लागू करता येऊ लागला. भटकणाऱ्या अनेक जमातींबरोबर या लोकांचीही नावं पोलिसांच्या रजिस्टरात गेली. त्या काळची इंग्रजी जातिवर्णनं वाचली तर तर्कशास्त्र मजेशीर दिसतं : हे लोक जात्याला टाकी लावतात, त्या निमित्तानं घरात शिरतात, म्हणजे घराची टेहळणी करत असणार! जे कौशल्य होतं, तोच पुरावा झाला. अहो, जातं घरातच असतं, टाकी लावायला दुसरं कुठे जाणार? कोणी चोऱ्या केल्याच नाहीत असं मी म्हणत नाही. पण एका माणसाच्या चोरीसाठी पोटातल्या मुलाचंही नाव रजिस्टरात घालायचं, हा न्याय कुठला? सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट झाली, तिथली माणसं गिरण्यांत कामाला गेली, हजेरी द्यावी लागली. सोलापुरात वस्तीला 'सेटलमेंट' हे नाव अजून आहे. उबीनवर गुन्हा करून आलेल्यांना दगडाचं काम दिलं होतं. इथे दगडाचं काम करणाऱ्यांना जन्मतःच गुन्हा दिला गेला.

कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. तोपर्यंत गावात पिठाची गिरणी आली होती, जातं कोपऱ्यात गेलं होतं, आणि शिक्का उरला होता. पाथरुट समाजातले लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. ते वाचलं नसेल तर हा लेख सोडून आधी ते वाचा. महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या सरकारी यादीत भामटा या नोंदीखाली गिरणी वडार, पाथरुट, टकारी ही नावं आजही आहेत. कुणाला ती जातींची यादी वाटेल. मला ती दुरुस्ती खात्याची हजेरीपटावरची नावं वाटतात.

जात्यावरच्या ओव्यांचं नशीब त्या मानानं चांगलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून त्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर भरल्या, आणि त्या जपल्या गेल्या. फार मोठं काम आहे. ते जातं फिरतं ठेवणाऱ्यांच्या टोच्यांची मापं मात्र कोणी लिहून घेतली नाहीत.

युरोपात दगडाला टाकी लावण्यासाठी काळा हिरा बसवलेली यंत्रं निघाली होती. पण ती रुळायच्या आत बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात मेखवार्ट यांनी खाचा पाडलेले बिडाचे रोलर आणले आणि मोठ्या गिरण्यांतून दगडच गेला. रोलरच्या खाचाही झिजतात, त्या परत पाडायला वेगळं यंत्र लागतं. बूट कारखान्यांतला मेपलचा ओंडकाही बव्हंशी गेला, त्याच्या जागी पांढरा नायलॉनचा पाट आला. धारावीतल्या गाळ्यांत चामड्याच्या प्रेसखाली तोच दिसतो. त्यालाही खळगा पडतो, त्यालाही रंधा लागतो.

आणि गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत एमरीचे दगड असतात, त्यांना आजही हातानंच टाकी मारतात. वीज नसेल त्या दिवशी गिरणीवाला दगड उघडून बसतो, आणि दारावर खडूनं लिहिलेलं असतं, दळण उद्या. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण कोणी आपलं घालत नाही, कचकच येते. तो आधी पायलीभर कोंडा दळून काढतो.