डिस्कची दुरुस्ती चालू आहे

त्याआधीची बरीच वर्षं

चांदवडला घरी कॉम्प्युटर असलेल्या कुणालाही एक काळा पडदा ओळखीचा असतो. लाइट जाते, कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो. लाइट आल्यावर विंडोज सुरू होण्याआधीच पांढरी अक्षरं उमटतात: डिस्क तपासली जात आहे. टक्केवारी मुंगीच्या पावलांनी सरकते. दुकानदाराला फोन लावला की तो सांगतो, ‘हात लावू नका, होऊ द्या पूर्ण.’

हा सल्ला रास्त आहे. विंडोज चालू असताना तिच्या काही फाइली तिनेच धरून ठेवलेल्या असतात. व्हायरस अशा एखाद्या फाइलला चिकटला की ती काढू पाहणाऱ्याला उत्तर मिळतं, ‘फाइल वापरात आहे.’ मग दुरुस्ती करणारा दोनपैकी एक करतो. सेफ मोडमध्ये शिरतो, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला ही फाइल उडव अशी नोंद करून ठेवतो. विंडोज उठायच्या आत, फाइलवर कुणाची पकड नसताना, काम उरकायचं. डिस्क तपासणाऱ्या चेकडिस्कचंही तसंच, ‘सी’ ड्राइव्ह वापरात असताना तिला दुरुस्ती करता येत नाही, म्हणून तीही रीस्टार्टची वाट पाहते. रीस्टार्ट आणि विंडोज यांच्यामधली ती काही मिनिटं माणूस पूर्ण भरवशावर काढतो. पडदा सांगेल ते ऐकायचं.

२७ जून २०१७ ला याच भरवशावर घाव बसला. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

१४ मार्च ते २२ जून

१४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट काढलं. १४ एप्रिलला त्याच भगदाडातून घुसायचं हत्यार चव्हाट्यावर आलं. हे हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचं, नाव ‘इटर्नलब्लू’. त्याच १४ एप्रिलला युक्रेनमधल्या ‘एम.ई.डॉक’ या कर भरण्याच्या सॉफ्टवेअरचं जे अपडेट निघालं, त्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला होता. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने इटर्नलब्लू वापरून जगभर कॉम्प्युटर अडवले. एवढं झाल्यावर तरी सगळ्यांनी मार्चचं अपडेट टाकलं असेल, असं वाटतं. नव्हतं टाकलं. १५ मे आणि २२ जूनच्या एम.ई.डॉक अपडेटांतूनही चोरदरवाजा पोचत राहिला.

२७ जून, दुपारी २:२९

कीव्हमध्ये दुपारचे बारा वाजत आले आहेत. दुसऱ्या दिवशी युक्रेनच्या संविधान दिनाची सुट्टी. एम.ई.डॉक बनवणाऱ्या लिंकोस ग्रुप या छोट्या कंपनीच्या सर्व्हरवर कुणीतरी चोरलेल्या पासवर्डने शिरतं आणि सर्वाधिकार घेतं. हे मिनिटांचे तपशील नंतर सिस्को कंपनीच्या तपासनीसांनी सर्व्हरच्या नोंदींतून काढले.

२:४४

सर्व्हरची सेटिंग बदलली गेली आहे. अपडेट मागायला येणारे कॉम्प्युटर आता गुपचूप हल्लेखोरांच्या यंत्राकडे वळवले जातात. युक्रेनमध्ये कर भरायचा तर एम.ई.डॉक किंवा त्याच्यासारखं एखादं सॉफ्टवेअर हवंच. तिथे धंदा करणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या हिशेबनिसांकडेही ते होतं. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यातलीच एक.

४:००

मायक्रोसॉफ्टच्या नोंदींनुसार सुमारे याच वेळी एम.ई.डॉकचा अपडेटर एक भलतीच आज्ञा चालवतो. पुढे ज्याला ‘नॉटपेट्या’ म्हटलं गेलं तो किडा बाहेर पडला आहे.

तो आधी कॉम्प्युटरच्या मेमरीत उरलेले पासवर्ड उचलतो. मग त्या पासवर्डांनी आणि इटर्नलब्लूने त्याच ऑफिसच्या नेटवर्कमधल्या पुढच्या यंत्रावर उडी मारतो. ज्या यंत्रावर मार्चचं अपडेट आहे तिथेही पासवर्ड चालतो, म्हणजे एक ढिला कॉम्प्युटर शंभर नीट राखलेल्यांना बुडवू शकतो. वॉनाक्रायसारखा हा इंटरनेटवर मोकाट फिरत नाही. चांदवडच्या घरातल्या एकट्या कॉम्प्युटरला त्या दुपारी जवळपास काही धोका नव्हता.

खरी हुशारी यापुढे आहे. लॉक झालेल्या फाइलींशी तो झटापट करतच नाही. विंडोज फाइलीला कुलूप लावते, पण अ‍ॅडमिनचे अधिकार हाती असले की डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर थेट लिहिता येतं. कॉम्प्युटर चालू झाल्यावर सर्वांत आधी वाचला जातो तो हा सेक्टर. किडा तिथे स्वतःला लिहितो आणि किमान दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त तासाभराने रीस्टार्ट व्हावा अशी नोंद करतो. दुरुस्तीवाला करतो तशीच नोंद, तशीच वाट पाहणं. दरम्यान पडद्यावर एक्सेल, मेल, चलनं, सगळं नेहमीसारखं दिसतं.

४:१० ते ५:००

पहिले कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतात आणि काळा पडदा येतो. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की ‘सी’ ड्राइव्हवरची फाइल सिस्टीम दुरुस्त होत आहे, डिस्कमध्ये चुका आढळल्या आहेत, याला काही तास लागू शकतात. मग मोठ्या अक्षरांत इशारा: कॉम्प्युटर बंद करू नका, मध्येच थांबवलंत तर सगळा डेटा जाऊ शकतो, आणि पॉवर केबल नीट लागलेली आहे ना ते बघा.

त्याखाली टक्केवारी सरकत असते.

ही दुरुस्ती नाही. त्या टक्केवारीबरोबर डिस्कवरची मास्टर फाइल टेबल एन्क्रिप्ट होत असते. कोणती फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे याची नोंद या टेबलात असते. ती गेली म्हणजे शिवार जागेवर आणि तलाठ्याचं दप्तर जळालेलं. या क्षणी प्लग खेचणारा माणूस वाचू शकत होता, कारण अर्ध्यात थांबलेलं काम म्हणजे काही तरी फाइली हाताशी. प्लग खेचायचा नाही हे मात्र पडदा बजावत होता, आणि पॉवर केबलची काळजीही तोच घेत होता. या हल्ल्यातलं सर्वांत नीच वाक्य मला तेच वाटतं. पासवर्ड चोरणं, भगदाडातून घुसणं हे चोराचं काम झालं. इथे वर्षानुवर्षं लाइट गेल्यानंतर शिकलेला शहाणपणाच माणसाच्या विरोधात वापरला.

५ नंतर

कोपनहेगनला, मर्स्कच्या मुख्यालयात, एकामागून एक पडदे काळे होतात. लोक मजल्यांवरून धावत ओरडतात: कॉम्प्युटर बंद करा, नेटवर्कमधून काढा. जगभरचं नेटवर्क तोडायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो.

६:०१

वळवलेली शेवटची जोडणी. ६:०३ ला एम.ई.डॉकच्या सर्व्हरची सेटिंग पूर्ववत होते. हल्लेखोरांचं काम साडेतीन तासांत झालं.

संध्याकाळ, न्हावा-शेवा

उरण तालुक्यातलं जेएनपीटी बंदर. इथलं गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजे जीटीआय, हे मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सचं. भागीदार रेल्वेची कंटेनर कंपनी. वर्षाला २० फुटी मापाने १८ लाख कंटेनर हाताळायची त्याची तेव्हाची क्षमता. युक्रेनमधल्या कर भरण्याशी इथल्या कुणाचाच संबंध नाही, पण नेटवर्क एकच. सिस्टीम गेली.

कंटेनर टर्मिनलला सिस्टीम म्हणजे काय, हे गेटवर कळतं. ट्रक आला की त्यावरचा कंटेनर कुणाचा, कोणत्या जहाजाचा, यार्डात कुठल्या रांगेत कितव्या थरावर ठेवायचा, हे पडद्यावरून ठरतं. यार्डात हजारो सारखे डबे रचलेले. पडदा गेला की हवा तो डबा कुठे आहे हे क्रेनवाल्याला कोण सांगणार?

राहूडचा घाट ओलांडून चांदवडवरून मुंबई-आग्रा रस्त्याने खाली जाणाऱ्या मालापैकी परदेशी निघालेला बराचसा याच बंदराकडे जातो. चांदवड, लासलगाव, पिंपळगावचा कांदा दुबई, कोलंबो, मलेशियाला जायचा तर बहुतेक वेळा न्हावा-शेवाच. त्यामुळे युक्रेनमधल्या हिशेबनिसाचं अपडेट आणि आपल्या चाळीतला उन्हाळ कांदा यांच्यामध्ये त्या संध्याकाळी फार काही नव्हतं.

रात्री

सायबरीझन कंपनीचा संशोधक अमित सर्पर याच्या लक्षात येतं की किडा पसरण्याआधी एक गोष्ट तपासतो: विंडोजच्या फोल्डरमध्ये आपल्याच नावाची, ‘पर्फसी’ नावाची फाइल आधीच आहे का? असली तर तो गप्प बसतो. म्हणजे त्या नावाची एक रिकामी फाइल बनवा, तिला रीड-ओन्ली करा, झालं. आयुष्यभर लॉक झालेल्या फाइलींशी भांडणाऱ्या दुरुस्तीवाल्यांना त्या रात्री एक फाइल मुद्दाम लॉक करायला सांगितलं गेलं. आधीच बाधलेल्या यंत्रांना याचा उपयोग नव्हता.

रात्री १:१६

हल्लेखोरांच्या सर्व्हरची डिस्क शून्यांनी भरून टाकली जाते. पुरावा नाहीसा.

२८ जून आणि नंतर

जीटीआयमध्ये कागदावर काम सुरू. अडकलेल्या मालाला जेएनपीटीने पार्किंगची जागा दिली. कितीही कागद रंगवले तरी ते काम यंत्राच्या वेगाने होणार नव्हतं.

काळ्या पडद्यानंतर ३०० डॉलरची बिटकॉइन खंडणी मागणारा पडदा येत असे. पैसे भरूनही उपयोग नव्हता. खंडणीखोरांचा ईमेल तो पुरवणाऱ्या कंपनीनेच त्याच दिवशी बंद केला, आणि पडद्यावर दिसणारा ‘ओळख क्रमांक’ नुसता रँडम होता. त्यावरून किल्ली मिळणं शक्यच नव्हतं. खंडणीचा देखावा तेवढा होता, हेतू नासधुशीचा. अमेरिका आणि ब्रिटनने फेब्रुवारी २०१८ मध्ये रशियाच्या लष्कराचं नाव घेतलं. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. एकूण नुकसान १० अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचा अमेरिकी सरकारचा अंदाज होता. मर्स्कचं २५ ते ३० कोटी डॉलर.

मर्स्कचं नेटवर्क उभं करताना सगळं एका गोष्टीवर अडलं. नेटवर्कमध्ये कोण कोण आहे आणि कुणाला कशाची मुभा आहे, हे ठरवणारे डोमेन कंट्रोलर जगभरात सुमारे १५० होते. ते एकमेकांची नक्कल ठेवत. सगळे एकदम मरतील असा विचार कुणी केलाच नव्हता. शोधता शोधता घानाच्या ऑफिसात एक जिवंत सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती, म्हणून तो नेटवर्कमध्ये नव्हता. नेटवर्क उभं करायचं काम ब्रिटनमधून चाललं होतं. घानाचं इंटरनेट इतकं मंद की डेटा पाठवायला दिवस लागले असते, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून घानाचा माणूस हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो दुसरा लंडनला उतरला. मर्स्कने १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवले.