विहीर बुजवायची म्हणे

बरेच दिवस इकडे फिरकले नाही. लिहायला विषय नव्हता असं नाही, मुहूर्त लागत नव्हता. तो मागच्या आठवड्यात मामाच्या फोनने लागला.

"हे पाय बाई, अंगणातली विहीर बुजवून टाकतो म्हन्तो. चार टिपर मुरूम लागन. तुह्या मायले इचारून सांग."

मी म्हटलं, "काहून?"

"काहून म्हन्जे? मार्च लागला का बूड दिसते. अन् नातू रांगते आता घरात. पडलं-बिडलं त कोन जबाबदार?"

यावर मला उत्तर नव्हतं, तरी मी "नाही, बुजवू नका" एवढं म्हणून फोन ठेवला. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बसून मोर्शी तालुक्यातल्या विहिरीबद्दल मत देणं सोपं असतं. मामाचे चिरंजीव आणि त्यांच्या बहिणी हा ब्लॉग वाचतात हे ठाऊक आहे मला. म्हणून जे फोनवर नीट बोलता आलं नाही ते इथे लिहिते. थोडं लांबेल.

माझं आजोळ रिद्धपूरपासून दोनेक कोसांवर. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात एक दिवस तरी बैलगाडीतून रिद्धपूरला जाणं व्हायचं. आम्ही कोणी महानुभाव नाही, पण आजीला तिथल्या राजमठात जाऊन बसायला आवडायचं. रिद्धपूर म्हणजे ऋद्धिपूर. तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू राहत. जवळच्या काटसुऱ्याचा हा आईबापाविना मुलगा रिद्धपुरात मावशीकडे वाढला. चक्रधरस्वामींचे ते गुरू. वागणं असं की निम्मं गाव त्यांना वेडा समजे आणि निम्मं देव. मनाला येईल त्या घरात शिरत, समोर असेल ते खात. चक्रधरांच्या मागे नागदेवाचार्य आणि बाकीची मंडळी त्यांच्या सेवेला रिद्धपुरात येऊन राहिली. म्हाइंभटांनी तिथेच, वाजेश्वरीच्या देवळात बसून, चक्रधरांच्या लीळा लिहिल्या आणि 1287-88च्या सुमारास गोविंदप्रभू गेल्यावर त्यांचंही चरित्र लिहिलं. मराठीतलं पहिलं गद्य चरित्र म्हणून लीळाचरित्राचं नाव शाळेत पाठ केलं होतं, पण ते आपल्या आजीच्या बैलगाडीच्या रस्त्यावर लिहिलं गेलंय हे कोणी सांगितलं नव्हतं. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ झालंय, 2024 पासून. उशिरा का होईना.

महानुभावांची एक गोष्ट मला फार आवडते. हे लोक जागा विसरत नाहीत. प्रभू कुठे बसले, कुठे जेवले, कुठे झोपले, त्या प्रत्येक ठिकाणाला 'स्थान' म्हणायचं आणि तिथे ओटा बांधायचा. चौदाव्या शतकात तर त्यांनी स्थानपोथी म्हणून एक ग्रंथच केला. अमुक देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचं दार कुणीकडे, असा सगळा तपशील त्यात आहे. सातशे वर्षांपूर्वीचं गाव कसं होतं हे शोधणाऱ्याला याहून चांगला वाटाड्या मिळणार नाही. आपल्याकडे राजांच्या लढायांच्या नोंदी ढिगाने आहेत, पण गावात पाणी कुठे भरत, कचरा कुठे टाकत, कोण कुणाच्या दारात उभं राहू शके, हे कुठे सापडतं? इथे सापडतं.

गोविंदप्रभूंच्या चरित्रात मातंगांच्या विहिरीची एक लीळा आहे. (कोलत्यांनी 1944 साली हे चरित्र संपादून छापलं आणि ॲन फेल्डहाउस या बाईंनी 1984 साली त्याचं इंग्रजी पुस्तक केलं.) रिद्धपूरच्या मातंगांना प्यायला पाणी नव्हतं. गावात पाणी होतं, त्यांना नव्हतं. ते राउळांकडे आले आणि बायकापोरं तहानेने मरताहेत म्हणून गाऱ्हाणं घातलं. राउळांनी जागा दाखवली, तिथे खणलं, पाणी लागलं. लीळा एवढीशीच.

भाविक याला चमत्कार म्हणतील. मला त्यातली मागणी महत्त्वाची वाटते. त्या माणसांनी मोक्ष मागितला नाही, रोग बरा करा म्हटलं नाही. विहीर मागितली. आणि ज्याच्याकडे मागितली तो वेडा होता की देव होता ते असो, 'तुम्ही गावच्या विहिरीवर का जात नाही' असा भाबडा प्रश्न त्याने केला नाही. तो त्यांच्या घरांतून फिरणारा माणूस होता आणि त्याबद्दल गावाची बोलणीही खात होता. पण त्याने गावची विहीर सगळ्यांना खुली केली नाही हेही खरंच. विहीर वेगळीच झाली. हे वाचताना मी दर वेळी इथे अडते.

आता आमची विहीर. मामाच्या अंगणातली ही विहीर साडेआठ फूट रुंदीची आहे, दगडी बांधणीची, काठावर रहाट. आत पारव्यांची घरटी. आमच्या लहानपणी पाणी मे महिन्यातही दोरीच्या बाराव्या वावेवर लागायचं. पहाटे रहाटाची कुरकुर ऐकत जाग यायची. ही सगळी आठवण मी आईला फोनवर रंगवून सांगितली. म्हटलं, आई, तू तरी मामाला सांग, अशी विहीर बुजवतात का!

आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला त्या विहिरीचं कौतुक. नाल्यापलीकडच्या बायांना विचार."

आणि मग तिने मला कधी न सांगितलेलं सांगितलं. आई दहा-अकरा वर्षांची असताना, म्हणजे 1957-58च्या सुमारास, नाल्यापलीकडच्या बायका दुपारी घागरी घेऊन यायच्या आणि ओट्याच्या खाली बसून राहायच्या. ओट्यावर चढायचं नाही. घरातलं कोणी मोकळं झालं की पाणी काढून वरून त्यांच्या घागरीत ओतायचं. ते काम आईकडे होतं. रहाट ओढून हाताला फोड यायचे म्हणून ती कंटाळा करायची, जेवायला बसली की मुद्दाम हळू जेवायची. बाहेर उन्हात त्या बसलेल्या. "एक म्हातारी होती, ती काही बोलायची नाही. मी आले की नुसती घागर पुढे सरकवायची," आई म्हणाली. "आपण पाणी देतो म्हणजे पुण्य करतो असं घरात सगळ्यांना वाटायचं. मलासुद्धा."

1957! मी तारखा पाहत बसले. 1927 साली मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या परिषदेचे अध्यक्ष होते आणि त्या लढ्यात पापळचे पंजाबराव देशमुख पुढे होते. पुढच्या वर्षी पंजाबराव अमरावतीच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. 1950 च्या संविधानात तर पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट असे शब्दच घातले आहेत. 1955 ला अस्पृश्यतेचा कायदा झाला. एवढं सगळं होऊन आमच्या ओट्याखाली ती म्हातारी बसलेलीच. कारण काय, तर आमची विहीर 'खासगी'. कायदा गावच्या विहिरीपर्यंत आला आणि आमच्या फाटकाशी थांबला.

याचा अर्थ असा नाही की ओट्यावरच्यांचं आयुष्य फार निरोगी होतं. आबाजींच्या डाव्या पोटरीवर एक लांब व्रण होता. आम्हाला वाटायचं बैलाने मारलं असेल. तो नारूचा होता. हल्लीच्या मुलांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागेल. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेला माणूस पाय बुडवून उभा राहिला की त्याच्या जखमेतून जंताची पिल्लं पाण्यात सुटतात. पाण्यातले बारीक किडे ती खातात, आपण ते पाणी न गाळता पितो, आणि वर्षभराने हातभर लांब जंत पायातून बाहेर येतो. त्याला औषध नाही, लसही नाही. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. आणि तरीही हा रोग देशातून गेला. शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. गेला कशाने? पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, हातपंप बसवून, पाणी फडक्याने गाळायला शिकवून. माणसाला हात न लावता त्याच्याभोवतीचं पाणी नीट केलं, बस्स.

हेच दुसऱ्या एका माणसाला फार आधी कळलं होतं. शेंडगावच्या परटाचा मुलगा डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. 1905 ला घर सोडलं. भातकुलीकडे पूर्णेकाठी ऋणमोचनला पौषात रविवारी यात्रा भरते. तिथे नदीच्या निसरड्या उतारावर म्हातारीकोतारी घसरून पडायची. या माणसाने कुणाला न विचारता तो उतार नीट करायला घेतला. पुढे तिथे घाट झाला, लक्ष्मीनारायणाचं देऊळ झालं. गावात गेले की आधी खराटा, मग रात्री कीर्तन. आबाजींनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. त्यांना कीर्तनातलं फारसं काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते हे की पाटलाच्या दारासमोरचा उकिरडा बाबांनी स्वतः उपसायला घेतला तेव्हा पाटील धावत आला आणि फावडं धरलं. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ बाबा गेले. आईने पाणी ओतायला सुरुवात केली त्याच्या आगेमागेच.

ऋणमोचनचा तो सगळा पट्टा खारपाणाचा. मोर्शीकडच्या माणसाला ते कळायला वेळ लागतो. अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूरकडे विहीर खणली तर पाणी लागतं आणि तोंडात घेतलं की थुंकावं लागतं. लग्न ठरवताना 'पाणी गोड की खारं' हे विचारायची पद्धत उगाच नव्हती. तिकडची माणसं आता वान धरणाच्या पाण्यावर, चौऱ्याऐंशी खेडी योजनेवर डोळे लावून असतात. त्यांच्या तुलनेत आम्ही भाग्यवान, आमचं पाणी गोड. आणि ते आम्ही संत्र्याला पाजून संपवलं. वरूड-मोर्शी म्हणजे विदर्भाचा कॅलिफोर्निया, असं अभिमानाने सांगायचो. खाली काळा पाषाण, पाणी धरतो तो फक्त वरचा झिजलेला, भेगाळलेला थर. विहिरी त्या थरातल्या. तो थर पावसात भरायचा आणि उन्हाळ्यापर्यंत पुरायचा. मग बोअर आले, दोनशे फुटांपासून हजार फुटांपर्यंतच्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या, आणि विहिरींची बुडं दिसू लागली. मामाच्याही शेतात तीन बोअर आहेत, त्यातला एक चालतो. अंगणातली विहीर मार्चमध्ये आटते ती आपोआप नाही, हे मामालाही ठाऊक आहे. बोलत नाही एवढंच.

रविवारी मी पुन्हा फोन केला. रहाट-पारवे यातलं काही बोलले नाही. मामाला विचारलं, नाल्यापलीकडची हापशी चालते का?

"दिवाळीपर्यंत चालते. मंग हवा फेकते. नळ हाय न त्याइले, दिवसाआड येते."

ती हापशी आपल्या अंगणाच्या उतारालाच आहे, दोनशे-अडीचशे पावलांवर. मी मामाला म्हटलं, घराचं पत्र्याचं छप्पर मोठं आहे. पन्हाळ लावून ते पाणी विहिरीत सोडायचं. मध्ये एक खड्डा, त्यात खाली दगड, वर विटांचे तुकडे, सगळ्यात वर वाळू. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, कारण त्यात छपरावरची पारव्यांची घाण असते. आपली विहीर भरली तर बरंच, नाही भरली तरी पाणी मुरेल आणि उताराकडे जाईल. हापशी दिवाळीऐवजी संक्रांतीपर्यंत चालली तर? चालेलच असं मी म्हणत नाही. भेगा कुठून कुठे गेल्यात हे वरून कोण सांगणार.

"म्हन्जे आमी खर्च करायचा अन् पानी त्याइच्या हापशीले?" मामा.

मी म्हटलं, "हो."

बराच वेळ काही बोलला नाही. मागे टीव्ही चालू होता आणि बाळ रडत होतं. मग म्हणाला, "तुही माय काय म्हन्ते?"

मी म्हटलं, तिनेच सांगितलंय. (हे पूर्ण खरं नव्हतं. आता आहे. काल आईला सगळं वाचून दाखवलं, म्हातारीचा भाग राहू दे म्हणाली. निम्मा खर्च ती देणार आहे.)

बाळाचा प्रश्न उरतोच आणि त्यात मामाचंच खरं आहे. विहिरीवर लोखंडी जाळी बसवावी लागेल, कुलूप लागेल अशी. मामाने मोर्शीच्या वेल्डरला विचारलंय, एका बाजूला बिजागरी ठेवून दोन पल्ल्यांची करावी लागेल म्हणे, एकसंध केली तर गाळ काढायला उचलता यायची नाही. भावंडांनो, हिशेब आला की कळवते. पाऊस जूनमध्ये येतो, पन्हाळ त्याच्या आत लागायला हवी.