डोक्याचा मुका मार

क्रिकेटवेड्या घरांत १७ मार्च १९६२ चा दिवस अजून सांगितला जातो. बार्बाडोसविरुद्ध ब्रिजटाऊनला चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. हेल्मेटचा तो काळच नव्हता. कवटी फुटली. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ साली, तब्बल साठ वर्षांनी, मुंबईत काढली.

ती जखम सर्वांना दिसली. मला लिहायचे आहे ते न दिसणाऱ्या जखमेविषयी. आपण तिला मुका मार म्हणतो, डॉक्टर कन्कशन म्हणतात. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो, बहुतेकांची शुद्धही जात नाही. पण डोके दुखते, उजेड सोसत नाही, आठवण अडखळते, मूल उगाच चिडचिडे होते.

२००२ साली अँटिगात मोडलेला जबडा बांधून कुंबळेने लाराला बाद केले, ती गोष्ट मीही मुलांना रंगवून सांगतो. पण जबडा वेगळा आणि मेंदू वेगळा! २००६ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लायस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा फुटबॉलमध्ये डोके आपटल्यावर त्याच सामन्यात पुन्हा उतरला. मेंदूत रक्तस्राव झाला; बोलणे-चालणे त्याला नव्याने शिकावे लागले. २००९ साली तिथे त्याच्या नावाचा कायदा झाला: नुसता संशय आला तरी मूल मैदानाबाहेर, आणि वैद्यकीय जाणकाराच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही.

उपचारही बदलले. पूर्वी सल्ला असे, अंधाऱ्या खोलीत पडून राहा. खेळातील कन्कशनवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००१ साली व्हिएन्नाला भरली. २०२२ च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेपर्यंत मत असे झाले, की एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मोबाईल-टीव्ही कमी, मग हलके चालणे. आधी शाळा पूर्ववत, धक्काबुक्कीचा खेळ सर्वांत शेवटी, तोही डॉक्टरांच्या होकारानंतर. किशोरवयात महिनाभरही लागू शकतो. मात्र वारंवार उलट्या, झटका, वाढती डोकेदुखी, न उतरणारी गुंगी असेल तर वाट न पाहता तडक इस्पितळ.

मोठ्यांनाही हे उशिराच उमगले. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू मानेवर बसूनही स्टीव्ह स्मिथ तासाभरातच परत फलंदाजीला आला. त्रास दुसऱ्या सकाळी जाणवला. आयसीसीचा नवा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता, म्हणून त्याच्या जागी लाबुशेन खेळला. कसोटीतला तो पहिला कन्कशन बदली खेळाडू.

इथे बहारीनमध्ये आपल्या मुलांच्या सुट्टीच्या दिवशीच्या सामन्यांना डॉक्टर कुठला असायला? पाण्याच्या बाटल्या घेऊन आपणच उभे. बदली खेळाडूचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण आपल्यालाही खेळायला मिळेल म्हणून बूट बांधून बसलेली दोन-तीन मुले सीमारेषेपाशी असतातच.