फावची चढाई, १९८६

इराण व इराक या शेजारी राष्ट्रांमध्ये २२ सप्टेंबर १९८० पासून २० ऑगस्ट १९८८ पर्यंत जे युद्ध चालले, त्यातील फेब्रुवारी १९८६ ची फावची चढाई ही इराणच्या सर्वांत कुशल मोहिमांपैकी एक मानली जाते. ते मत मान्य करण्यास हरकत नाही. परंतु या विजयाने युद्धाचा निकाल जवळ आणला, हा इराणमध्ये त्या वेळी दृढ झालेला समज मात्र पुढील घटनांच्या कसोटीस उतरत नाही. ज्या कारणांमुळे फाव पडले त्याच कारणांमुळे तेथून पुढे सरकणे दुष्कर झाले. आणि या लढाईपासून जेत्यापेक्षा जितानेच अधिक बोध घेतला.

तैग्रिस व युफ्रेटीस यांच्या संगमापासून आखातापर्यंत वाहणाऱ्या नदीस अरबीत शत् अल्-अरब व फार्सीत अरवंद म्हणतात. (शाहनाम्यात अरवंद हे नाव तैग्रिसला आहे.) १९३७ च्या तहाने सीमा बहुतांशी इराणी काठाशी टेकविली होती, ६ मार्च १९७५ च्या अल्जिअर्स कराराने ती प्रवाहाच्या खोल मध्यरेषेवर आणली. १७ सप्टेंबर १९८० रोजी सद्दाम हुसेनने हा करार रद्द केला आणि पाच दिवसांनी युद्धास तोंड लागले. मे १९८२ मध्ये खुर्रमशहर परत जिंकल्यावर इराणने लढाई इराकी भूमीवर नेली. परंतु बसऱ्यावर समोरून केलेल्या चढाया प्रचंड प्राणहानी सोसूनही फसत गेल्या.

फाव हे नदीमुखाशी असलेले इराकचे अगदी दक्षिणेकडील टोक होय. नदीकाठी खजुरीची दाट बने, त्यांच्या मागे मिठागरे व खाजण, आणि पश्चिमेस खोर अब्दुल्ला ही खाडी व तिच्या पलीकडे कुवेतचे बूबियान बेट, अशी तेथील रचना आहे. पावसाळी दिवसांत ही जमीन इतकी चिखलमय होते की रणगाड्यांस बांधीव रस्ता सोडून चालता येत नाही. तेलाच्या निर्यातीचे ठाणे युद्धारंभापासूनच निकामी झालेले असल्याने इराकने तेथे दुय्यम प्रतीची शिबंदी ठेवली होती. रुंद पात्र, वेगवान प्रवाह आणि दिवसातून दोनदा उलटणारे भरतीओहोटीचे पाणी ओलांडून शत्रू येईल, हे बगदादच्या सेनापतींस संभवनीय वाटले नाही.

इराणी क्रांतिरक्षक दलाने नेमका त्या पाण्याचाच अभ्यास केला. भरतीओहोटीच्या वेळा टिपल्या गेल्या, पाणबुड्या सैनिकांस दीर्घकाळ शिक्षण देण्यात आले, आणि नावा व तराफे काठच्या झाडीत दडविण्यात आले. ९ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री, भर पावसात, पाणबुड्यांनी पलीकडच्या काठावरील अडथळे कापले व मागोमाग होड्यांतून पायदळ उतरले. त्याच सुमारास उत्तरेकडे केलेल्या हुलकावणीच्या हल्ल्यांनाच इराकी सरसेनापतींनी मुख्य चढाई समजून घेतले. खरा प्रकार ध्यानी येईपर्यंत फाव गाव पडले होते. मोहिमेस ‘वल्-फज्र ८’ असे नाव होते. कुराणातील ८९ व्या सूरेचा आरंभ ‘वल्-फज्र’ या शब्दाने होतो आणि क्रांतीच्या स्मरणार्थ इराणात पाळल्या जाणाऱ्या फेब्रुवारीतील दहा दिवसांसही ‘फज्र’ म्हणजे पहाट हेच नाव आहे. मुहूर्त योगायोगाने साधला असे म्हणवत नाही.

इराकचा प्रतिहल्ला तीन वाटांनी आला आणि तिन्ही वाटांवर तो बांधीव रस्त्यांवरच कोंडला गेला. तेव्हा इराकने विषारी वायूंचा आश्रय घेतला. २४ फेब्रुवारीस सुरक्षा समितीने ५८२ क्रमांकाच्या ठरावात रासायनिक शस्त्रांच्या वापराबद्दल खेद व्यक्त केला, पण तो कोणी केला हे सांगण्याचे टाळले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहणी केल्यानंतर २१ मार्चच्या अध्यक्षीय निवेदनात इराकचे नाव आले. निषेध झाला, उपाय काही झाला नाही.

मात्र इराकी रणगाड्यांस ज्या चिखलाने रोखले, त्यानेच इराणी सेनेलाही मिठागरांपाशी थांबविले. तिच्यापाशी चिलखती दले थोडी, आणि सारी रसद नदीवरून आणावयाची. येथे एक तुलना बोधप्रद ठरते. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी ब्रिटिश-हिंदी सेनेच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड याच फाव येथे उतरली होती व तीत ११७ वी मराठा पलटण होती. त्याच महिन्यात त्या सेनेने बसरा घेतले, कारण समुद्र व नदी दोन्ही तिच्या नावांना मोकळी होती. १९८६ मध्ये इराणला तो मार्ग नव्हता.

इराणी नेत्यांनी मात्र या यशाचे श्रेय भूमीला व दीर्घ तयारीला न देता श्रद्धावान पायदळाच्या आवेशाला दिले, असे पुढील घटनांवरून म्हणावे लागते. मार्च १९८६ मध्ये सुरू झालेले वर्ष निर्णायक ठरेल अशी घोषणा झाली. डिसेंबरात नदी ओलांडण्याचा तोच प्रयोग ‘करबला ४’ या नावाने झाला, तेव्हा शत्रू सावध होता व चढाई पुरती कोसळली. जानेवारी १९८७ ची ‘करबला ५’ बसऱ्याच्या वेशीजवळ पोहोचली, परंतु तिने सहस्रावधी स्वयंसेवकांचा बळी घेतला व बसरा पडले नाहीच. उलट बगदादमध्ये पराभवाची मीमांसा अधिक थंडपणे झाली. सेनापतींस युद्धसंचालनात मोकळीक मिळाली, रिपब्लिकन गार्डचा मोठा विस्तार झाला, आणि फावसारख्या भूमीची प्रतिकृती उभारून पुनःपुन्हा सराव करण्यात आला.

१७ एप्रिल १९८८ रोजी, रमजानच्या आरंभी, इराकने फाववर तोफखाना, रणगाडे व विषारी वायू यांसह हल्ला केला. सव्वादोन वर्षे राखलेले ठाणे सुमारे ३५ तासांत गेले. १८ जुलैस इराणने सुरक्षा समितीचा ५९८ क्रमांकाचा ठराव, जो वर्षभर बाजूला ठेवला होता, स्वीकारला. नदीतील सीमेचा प्रश्न त्यानंतरही अनिर्णित राहिला. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण केल्यानंतर सद्दाम हुसेनने १९७५ चा करार पुन्हा मान्य केला, आणि सीमारेषा मध्यप्रवाहावर परत आली.