पीट सीगर : गाणं, शिकवणं आणि गाण्याच्या पैशाचा हिशेब

पीट सीगर (३ मे १९१९ – २७ जानेवारी २०१४) हे अमेरिकेतील लोकगायक आणि बँजोवादक. नाव अनोळखी वाटेल, पण मोर्चात 'हम होंगे कामयाब' म्हटलं असेल तर त्यांच्या कामाशी आपला संबंध आलेलाच आहे. हे गीत ज्या 'वुई शॅल ओव्हरकम'वरून झालं, ते गावोगावच्या श्रोत्यांकडून गाऊन घेणाऱ्यांत सीगर पुढे होते.

ते गाणं मात्र त्यांचं नव्हे. मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं. १९४५-४६ मध्ये चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यातील संपात कृष्णवर्णीय महिला कामगारांनी ते गायलं. तिथून ते टेनेसीतील हायलँडर लोकशाळेत झिल्फिया हॉर्टन यांच्याकडे पोचलं आणि त्यांच्याकडून सीगर शिकले. (याच शाळेत १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स शिबिराला आल्या होत्या. माँटगोमेरीचा बस बहिष्कार त्याच डिसेंबरातला.) पुढे सीगर, हॉर्टन यांच्यासह चौघांच्या नावे हक्क नोंदले गेले, पण रॉयल्टी हायलँडरच्या निधीकडे वळवली गेली. त्यातून दक्षिणेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या सांस्कृतिक कामाला मदत मिळत असे. २०१८ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर हे गाणं सर्वांसाठी खुलं झालं.

दुसरं उदाहरण इतकं स्वच्छ नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडा यांचं १९३९ चं 'म्बुबे' सीगर यांच्या 'वीव्हर्स' या गटाने 'विमोवे' नावाने गाजवलं. सीगर यांनी लिंडांना एक हजार डॉलर पाठवले, पण मोठा पैसा प्रकाशकांकडे गेला. लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच वारले. भला कलावंत असणं पुरत नाही, कागदही नीट लागतो, असं आमचं मत आहे. आपल्याकडच्या किती भीमगीतकारांच्या घरी त्यांच्या गाण्याचा पैसा पोचला, हे आपण कधी विचारलं आहे का?

शिक्षक म्हणून सीगर यांची सुरुवात १९४८ ची. पाच तारांचा बँजो शिकवणारी पुस्तिका त्यांनी लिहिली आणि स्वतःच चक्रमुद्रित करून विकली. त्या पुस्तिकेवर पिढ्या शिकल्या. शिकवणं नंतर पोटापाण्याचंही साधन झालं. १९५५ मध्ये संसदीय समितीपुढे आपली राजकीय मतं सांगायला त्यांनी नकार दिला. १९६१ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली, ती १९६२ मध्ये अपिलात रद्द झाली. दूरचित्रवाणीची दारं १९६७ पर्यंत जवळजवळ बंदच होती. त्या काळात ते शाळा, महाविद्यालयं, उन्हाळी शिबिरं अशा ठिकाणी गात राहिले. विद्यार्थ्यांची एक पिढी त्यांना पडद्यावर नव्हे, समोर ऐकत वाढली. पत्नी तोशी कार्यक्रम ठरवायच्या, घर आणि हिशेब सांभाळायच्या. त्यांचं नाव बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात, जसं आपल्या शाहिरांच्या पत्नींचं.

हडसन नदीकाठी बीकन गावात त्यांनी स्वतः लाकडी घर बांधलं होतं. नदी कारखान्यांच्या आणि शहरांच्या घाणीने भरली होती. गाण्याच्या कार्यक्रमांतून वर्गणी जमवून १०६ फुटांचं 'क्लिअरवॉटर' हे शिडाचं जहाज बांधलं गेलं आणि १९६९ मध्ये पाण्यात उतरलं. शाळेची मुलं त्यावर चढून जाळं ओढतात, मासे ओळखतात, पाणी तपासतात.